नळाला पाणी नाही? आधी कागद मागा

पंचवटीत आमच्या गल्लीत नळाला करंगळीएवढी धार यायची. १९३० साली याच पंचवटीत दलितांच्या मंदिरप्रवेशाच्या हक्कासाठी काळाराम मंदिराच्या दारांशी सत्याग्रही ठाण मांडून बसले होते. हक्क मागायला लाजायचं कशाला?

साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. ‘पाणी का येत नाही?’ असं विचारलंत तर उत्तर टोलवतात. ‘या लाइनच्या दुरुस्तीच्या बिलांच्या प्रती द्या’ असं मागा. कारण सांगावं लागत नाही.

पोच घ्याच, आणि शिक्का नीट वाचता येतोय का बघा. माझा पुसट निघाला, तर अर्ज आलाच नाही म्हणाले! ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. जाताना शेजारणींना सोबत न्या.