सोनेरी मुलाम्याची बुद्धमूर्ती कशी पाहावी, कशी जपावी

बुद्धपौर्णिमा जवळ आली की आमच्या गावच्या विहारात मूर्ती घासण्याची लगबग सुरू होते. पितळेच्या मूर्तीला चिंच आणि राख चालून जाते. एका वर्षी मात्र तीच चिंच भेट आलेल्या, चिनी घडणीच्या सोनेरी मूर्तीला लागली आणि नाकाच्या शेंड्यावर तांबूस धातू उघडा पडला. म्हणून अशी मूर्ती आधी नीट पाहावी, स्वच्छतेचे नंतर.

चीनमध्ये पूर्वी हा मुलामा पाऱ्याने देत. सोने पाऱ्यात कालवून तो लगदा ओतीव कांस्यावर चोळीत व मूर्ती तापवीत. पारा वाफ होऊन उडे आणि सोने धातूला धरून राही. (ती वाफ विषारी असल्याने सोनाराकडून असा प्रयोग करवून घेण्याच्या फंदात पडू नये.) वर्ष कोरलेली सर्वांत जुनी ज्ञात चिनी बुद्धमूर्ती, इ.स. ३३८ ची, अशीच सोनेरी असून ती सॅन फ्रान्सिस्कोला आहे. पुढे ८४५ मध्ये तांग सम्राट वुत्सुंगने विहार मोडून कांस्यमूर्ती नाण्यांसाठी वितळवण्याचा हुकूम काढला, त्यात किती गेल्या कोण जाणे.

बॅटरीचा उजेड तिरपा पाडावा. खरा मुलामा गुडघे, नाक, बोटे अशा उंचवट्यांवर हळूहळू झिजतो. पोपडे सुटत असतील तर तो बहुधा रंग समजावा. मग कमळासनाचा पुढचा भाग पाहावा. मिंग सम्राट युंगलोच्या (१४०३–१४२४) दरबारी मूर्तींवर तेथे ‘महान मिंगच्या युंगलो काळात अर्पण’ अशा अर्थाची सहा अक्षरे असतात आणि ती चिनी रिवाजाच्या उलट, तिबेटीप्रमाणे डावीकडून उजवीकडे वाचायची असतात. नकला करणारेही ही अक्षरे कोरतात, त्यामुळे एवढ्यावरून हुरळून जाऊ नये. तळाचा पत्रा उचकटू नये. आत मंत्रांच्या गुंडाळ्या किंवा ‘धातू’, म्हणजे पवित्र अवशेष, ठेवलेले असू शकतात.

मूर्ती प्रभावळीला किंवा हाताला न धरता बैठकीखाली दोन्ही हात घालून उचलावी. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकावी. आपल्या मुलखात हात आधी कापसाकडे जातो, पण त्याचे तंतू कोरीवकामात अडकतात. पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर मूर्ती कोरड्या जागी वेगळी ठेवून जाणकाराला दाखवावी. मेणबत्ती हातभर दूर लावावी. मेण सांडलेच तर नखाने खरवडू नये.