प्रगत वाहनचालनाकडे पाहताना या चुका टाळा

गाडी चालवता येणे आणि गाडी चांगली चालवता येणे यांत फरक आहे, हे मुंबईत कोणालाही मान्य असते. पण ‘चांगली’ म्हणजे नेमकी कशी, असे विचारले की उत्तरे भलतीकडे जातात. कोणी अंधेरीहून दादरला वीस मिनिटांत आणून सोडणाऱ्या मित्राचे नाव घेतो, कोणी गिरगावातल्या चिंचोळ्या गल्लीत एका झटक्यात गाडी लावणाऱ्याचे कौतुक करतो, आणि ‘याने कधी कोणाला पुढे जाऊ दिले नाही’ हीसुद्धा हुशारीची खूण मानली जाते. अशा वातावरणात एखाद्याने वेळ आणि पैसे खर्चून प्रगत वाहनचालन शिकायचे ठरवले, तर त्याला घरचेच विचारतात, ‘लायसन्स आहे ना तुझ्याकडे? मग आता काय शिकायचे राहिले?’ गेली काही वर्षे या विषयाचा सराव करताना आणि इतरांना करताना पाहताना ज्या चुका वारंवार समोर आल्या, त्या येथे मांडतो. त्यांतल्या काही पाहणाऱ्यांच्या आहेत, काही शिकणाऱ्यांच्या, आणि दोन्ही बाजूंच्या चुका सारख्याच त्रासदायक आहेत.

वेगाशी होणारी गल्लत

‘ॲडव्हान्स्ड ड्रायव्हिंग’ हे शब्द कानांवर पडले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर किंचाळणारे टायर आणि घसरत वळणारी गाडी येते. या विद्येचा उगम पाहिला तर हा समज टिकत नाही. १९३० च्या दशकात लंडन पोलिसांनी हेंडन येथे वाहनचालनाची शाळा काढली, कारण पोलिसांच्या स्वतःच्या गाड्यांचे अपघात फार होत होते. तेथील शिक्षणाला शिस्तबद्ध रूप देण्यासाठी लॉर्ड कॉटनहॅम यांना बोलावले गेले. ते स्वतः शर्यतींत गाडी चालवलेले होते, पण पोलिसांना शिकवण्याची वेळ आली तेव्हा भर पडला तो आधी पाहण्यावर, आधी ठरवण्यावर आणि मन शांत ठेवण्यावर. पुढे १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड मोटरिस्ट्स’ ही संस्था स्थापन झाली आणि सामान्य चालकांनाही या पद्धतीची परीक्षा देता येऊ लागली. ती परीक्षा बंदिस्त ट्रॅकवर होत नाही. परीक्षक शेजारी बसतो आणि नेहमीच्या रहदारीच्या रस्त्यावर तुम्ही काय पाहता आणि केव्हा पाहता, हे तपासतो.

या पद्धतीचा कणा म्हणजे एक क्रम: आधी माहिती, मग रस्त्यावरची जागा, मग वेग, मग गिअर आणि शेवटी ॲक्सिलरेटर. ऐकायला हे रुक्ष वाटते, म्हणून प्रत्यक्षातले एक उदाहरण घेऊ. लालबागला उड्डाणपुलाखालच्या रस्त्यावर डावीकडे बेस्टची बस थांब्यावर उभी आहे. सामान्य चालकाला ‘बस उभी आहे’ एवढेच दिसते आणि तो तिला घासून पुढे काढतो. सराव असलेला चालक दुरूनच बसच्या पोटाखालून पलीकडे पाहतो. तेथे चपला घातलेली पावले बसच्या तोंडाच्या दिशेने निघालेली दिसली, तर काही क्षणांत एक माणूस बसच्या आडून रस्त्यावर येणार हे त्याला तो माणूस दिसण्याआधीच कळलेले असते. तो आरशात मागची दुचाकी पाहतो, गाडी अर्धा मीटर उजवीकडे घेतो, वेग उतरवतो, गिअर बदलतो, आणि माणूस खरोखर समोर आला तेव्हा ब्रेकवर जोर द्यावाच लागत नाही. शेजारी बसलेल्याला यातले काहीच जाणवत नाही, आणि म्हणूनच या कौशल्याला दाद मिळत नाही.

‘एवढी गॅप सोडतोस, म्हणून सगळे घुसतात’

ही तक्रार मी मेहुण्यांकडून ऐकली आहे, आईकडून ऐकली आहे आणि मागे बसलेल्या मित्रांकडून तर प्रत्येक प्रवासात ऐकतो. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर ठेवणे हा या विद्येचा सर्वांत साधा नियम, पण मुंबईत त्याच्याइतकी टीका दुसऱ्या कशावरच होत नाही. अंतर सोडणारा चालक येथे घाबरट ठरतो, किंवा त्याला ‘जजमेंट’ नाही असे मानले जाते.

तक्रार खरी आहे, गाड्या घुसतात. पण त्याची किंमत किती, याचा हिशेब कोणी करत नाही. पी. डी’मेलो रस्त्यापासून चेंबूरकडे जाणारा ईस्टर्न फ्रीवे सुमारे १७ किलोमीटरांचा आहे. ताशी ६० च्या वेगाने तो पार करायला १७ मिनिटे लागतात. समजा, एवढ्या अंतरात तुमच्या पुढे २० गाड्या घुसल्या आणि प्रत्येक वेळी तुम्ही ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलून पुन्हा दोन सेकंदांचे अंतर तयार केले, तर एकूण तोटा ४० सेकंदांचा होतो. फ्रीवे संपल्यावर लागणाऱ्या पहिल्या सिग्नललाच याहून जास्त वेळ उभे राहावे लागते. उलट बाजूचा हिशेब असा, की ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते आणि पुढच्याचा लाल दिवा पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढाच वेळ गेलेला असतो. अटल सेतूवर मोटारींना ताशी १०० ची मुभा आहे. तेथे हाच एक सेकंद २८ मीटर खातो. पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून चालणाऱ्याकडे हे मीटर शिल्लकच नसतात, मग त्याचे जजमेंट कितीही पक्के असो.

अंतर मोजण्याची रीत सोपी आहे. पुढची गाडी दिव्याच्या खांबापाशी किंवा रस्त्यावरच्या जोडापाशी पोहोचली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणावे. शब्द संपण्याआधी आपण तेथे पोहोचलो, तर अंतर कमी आहे. पावसात हेच अंतर दुप्पट करावे.

अंतर ठेवूनही मागचा चालक अंगावर येत असेल, तर मात्र बहुतेक जण येथेच चुकतात: ते चिडून वेग वाढवतात किंवा त्याला धडा म्हणून ब्रेक मारतात. मागे चिकटलेला चालक असताना पुढचे अंतर आणखी वाढवावे, म्हणजे थांबण्याची वेळ आलीच तर हळूहळू थांबता येते आणि त्यालाही सावरायला जागा मिळते. त्याच्या चुकीची भरपाई आपल्या पुढच्या मोकळ्या जागेतून करायची, हे मनाला पटायला वेळ लागतो. मला स्वतःला जवळजवळ वर्ष लागले.

हातचलाखीलाच कौशल्य समजणे

दुसऱ्या टोकाला काही उत्साही मंडळी असतात, ज्यांना प्रगत वाहनचालन म्हणजे पायांची आणि गिअरची करामत वाटते. टाच आणि चवडा वापरून एकाच वेळी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबणे किंवा डबल क्लच करणे (एकदा गिअर बदलताना दोनदा क्लच दाबणे) ही तंत्रे आपापल्या जागी खरी आहेत, पण घाटकोपर ते ठाणे या प्रवासात त्यांची गरज पडत नाही. ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबत सोडण्याची जुनी सवय तर आता घातकच आहे. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोराने ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे, आणि अशा गाडीत आणीबाणीच्या वेळी पेडल पूर्ण जोराने दाबून तसेच धरून ठेवायचे असते. पायाखाली थरथर जाणवली की अनेक जण दचकून पाय उचलतात. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करत असल्याची खूण आहे.

बोरघाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याचा सल्लाही असाच ‘हात मुरलेल्या’ लोकांकडून मिळतो. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनपुरवठा जवळजवळ बंद होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा अडसर गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर त्यांचा जोर ओसरतो.

शिकलेल्या माणसाच्या चुका

ज्यांनी थोडेफार शिकले आहे, त्यांच्याविषयी लोकांच्या मनात जी अढी बसते, तिला तेही कारणीभूत असतात. यांतली सर्वांत मोठी चूक म्हणजे रस्त्यावर शिक्षकाची भूमिका घेणे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उजव्या लेनमध्ये ‘मी नियमानेच चाललो आहे’ म्हणून ठाण मांडून बसणारा आणि मागून डिपर देणाऱ्याला वाट न देणारा चालक स्वतःला शिस्तप्रिय समजत असतो. प्रत्यक्षात तो लोकांना डावीकडून ओव्हरटेक करायला भाग पाडतो. उजवी लेन पुढे जाण्यासाठी आहे. पुढे गेलो की डावीकडे यावे, आणि मागच्याला घाई असेल तर जाऊ द्यावे. त्याचा वेग मोजणे हे आपले काम नाही.

दुसरी चूक घरात घडते. रस्त्यावर जे दिसते आणि त्यावर आपण जे ठरवतो, ते बोलत बोलत गाडी चालवणे हा सरावाचा उत्तम प्रकार आहे: ‘पुढे बस थांबली आहे, आडून माणूस येईल, आरशात दुचाकी आहे, वेग चाळीसवरून तीस.’ पण तो एकट्याने करावा. लग्नाला निघालेल्या कुटुंबाला ठाण्यापर्यंत हे समालोचन ऐकवले, तर त्यांना या विषयाचा कायमचा वीट येतो. शिवाय पत्नी, भाऊ किंवा सासरे गाडी चालवत असताना त्यांच्या प्रत्येक ब्रेकवर टिप्पणी केल्याने त्यांचे लक्ष रस्त्यावरून तुमच्याकडे वळते, आणि ज्या सुरक्षिततेसाठी तुम्ही बोलत होता तीच कमी होते.

आपले काय चुकते, हे जाणून घ्यायचे असेल तर शेजारच्या सीटकडे पाहावे. शेजारी बसलेल्याचा उजवा पाय चटईवर नसलेला ब्रेक दाबत असेल, तर तुम्ही पाय उशिरा उचलता. पुढची गाडी थांबणार हे दिसताच ॲक्सिलरेटर सोडायची सवय लावा. गिअर बदलताना मागच्यांच्या माना डोलत असतील, तर क्लच सोडण्याची घाई होते आहे. घाटात मुलांना उलटी होत असेल, तर वळणाच्या आत ब्रेक लागतो आहे; वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर उतरवून, वळण संपेपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पायाचा दाब एकसारखा ठेवावा. पादचाऱ्यासाठी थांबल्यावर मागचे सारे हॉर्न वाजवत असतील, तर आधी आरसा पाहून ब्रेकचा दिवा लवकर दाखवायचा राहिला आहे. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारे काका तीस वर्षे बेस्टची बस चालवून निवृत्त झाले. ते एकच कसोटी सांगत: ‘उभ्या प्रवाशाने दांडी घट्ट धरली, तर चूक माझी.’ डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर माणसे उभी नसली, तरी बस वळवताना त्यांच्या मनात तोच प्रवासी असे.

‘ड्रायव्हरच तर आहे’

या शहरात हजारो लोक पगारी चालक म्हणून काम करतात, आणि त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी ही मला या सगळ्यातली सर्वांत क्लेशदायक चूक वाटते. घरच्या गाडीच्या सीट कव्हरवर जितका विचार होतो, तितका चालकाच्या शिक्षणावर होत नाही. मागच्या सीटवरून ‘जरा दाबा, उशीर होतोय’ असे सांगणारा मालक हे विसरतो, की दहा किलोमीटर मोकळा रस्ता मिळाला तरी ताशी ५० ऐवजी ६० ने गेल्यास वाचतात फक्त दोन मिनिटे. गाडी चालू असताना त्याच चालकाला फोन करून ‘कुठे पोहोचलात?’ असे विचारणेही तितकेच चुकीचे आहे. ज्याला त्याच्या कामात कसब दाखवावेसे वाटते, त्याला असा मालक लाभला तर तो ते कसब हळूहळू गुंडाळून ठेवतो, कारण सावकाश आणि सुरक्षित आणल्याबद्दल त्याला आजवर कोणी शाबासकी दिलेली नसते.

त्याच्यासाठी करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. निघायची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे घ्यावी. तो अंतर ठेवत असेल तर त्याला टोकू नये. मागच्या सीटचे पट्टे कव्हरखाली दडपले असतील, तर ते बाहेर काढून स्वतः लावावेत. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वांनाच सीट बेल्ट बंधनकारक आहे, आणि मालकानेच तो लावला नाही, तर चालक त्याला तसे सांगू शकत नाही. प्रशिक्षणाला पाठवायचे असेल, तर ‘तुम्हाला येत नाही म्हणून’ अशा सुरात सांगू नये आणि त्या दिवसाचा पगार कापू नये.

पावसाळ्यातील एक सवय

जोराचा पाऊस लागला की पश्चिम द्रुतगती महामार्गावर निम्म्या गाड्यांचे चारही हॅझर्ड दिवे लुकलुकू लागतात. हेतू चांगला असला तरी त्यामुळे गाडी उभी आहे की चालते आहे, हे मागच्याला कळत नाही, आणि लेन बदलताना इंडिकेटरचा इशारा दिसत नाही. चालत्या गाडीने हेडलाइट लो बीमवर ठेवावेत आणि वेग कमी करावा; हॅझर्ड दिवे गाडी बंद पडल्यावर लावावेत.

सुरुवात करताना

सगळे एकदम करू पाहणारे पंधरा दिवसांत कंटाळतात. पहिले दोन आठवडे फक्त अंतर मोजावे, बाकी गाडी नेहमीसारखी चालवावी. पुढचे दोन आठवडे दर आठ-दहा सेकंदांनी आरसा पाहण्याची सवय लावावी. त्यानंतर रविवारी सकाळी सहाच्या सुमारास, रस्ते रिकामे असताना, एकट्याने दहा मिनिटे मोठ्याने बोलत गाडी चालवावी. पहिल्या दिवशी शब्द मागे पडतात आणि गाडी पुढे निघून जाते. बोलणे गाडीच्या पुढे जाऊ लागेपर्यंत वेग कमी ठेवावा.