इटलीच्या बंदरांवर काय बघायचं: भूमध्य समुद्राच्या क्रूझआधीची तयारीची यादी

बुकिंग झालं की सगळ्यात आधी क्रूझ कंपनीने पाठवलेला कार्यक्रम एका कागदावर उतरवून घ्या. प्रत्येक बंदरापुढे वार, जहाज लागण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ लिहा. मग चौथ्या रकान्यात जहाज प्रत्यक्षात कुठे लागतं ते लिहा, कारण छापील कार्यक्रमात 'रोम', 'फ्लॉरेन्स', 'व्हेनिस' अशी नावं असतात आणि जहाज तिथे जात नाही. रोमसाठी ते चिविताव्हेक्कियाला थांबतं, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला, तेही नव्वदेक किलोमीटर लांब. काही जहाजं तर त्याहून लांबच्या ला स्पेझियाला थांबून तेच नाव लावतात. हा चौथा रकाना भरल्याशिवाय एकही सहल बुक करू नका.

आता तास मोजा. समजा जहाज सकाळी सातला लागतंय आणि संध्याकाळी सातला सुटतंय. कागदावर बारा तास दिसतात. पण सगळ्यांबरोबर खाली उतरेपर्यंत आठ वाजतात, आणि सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी, काही जहाजांवर तासभर आधी, सगळ्यांनी आत असावं लागतं. स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्याने सहाला जहाजावर परत यायचं असंच धरून चालावं. उरले दहा तास. रोमला जाऊन यायला बंदरातली बस, स्टेशन आणि ट्रेन धरून प्रत्येक बाजूला दोन तास धरा. उरले सहा. त्यात जेवण, रांगा, स्वच्छतागृह आणि थोडं बसणं. म्हणजे हातात खरे चार तास राहतात, आणि चार तासांत रोममधली दोन ठिकाणं नीट बघून होतात. तिसरं यादीत घातलंत तर तिन्ही धावत बघाल. माझं मत अगदी स्पष्ट आहे: आधी तास, मग ठिकाण. उलट क्रमाने ठरवलेल्या दिवसात आई-बाबांचे हाल होतात.

तास झाले की वार तपासा. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात, आणि त्या शेवटच्या रविवारी प्रवेश मोफत असल्यामुळे प्रचंड गर्दी असते. बुधवारी सकाळी सेंट पीटरच्या चौकात पोपची सभा असेल तर तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, म्हणजे बॅसिलिकात, दुपारपर्यंत जाता येत नाही. फ्लॉरेन्सची उफित्सी आणि आकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद, नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. ऑगस्टमधली क्रूझ असेल तर 15 ऑगस्ट लक्षात ठेवा. इटलीतही त्या दिवशी मोठी सुट्टी असते, दुकानं बंद आणि बस कमी.

पुढचा निर्णय म्हणजे जहाजाची सहल घ्यायची की आपलं आपण जायचं. जहाजाची सहल महाग पडते, पण त्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. आपलं आपण गेलात तर जहाज थांबत नाही, पुढच्या बंदराला स्वतःच्या खर्चाने पोचावं लागतं. म्हणून जिथे शहर लांब आहे तिथे जहाजाची सहल, आणि जिथे जहाज शहरातच लागतं तिथे स्वतः, असं ठरवलं की बराच गोंधळ मिटतो. या दोन्हींच्या मधला एक मार्गही असतो. जहाजाची बस फक्त शहरात नेऊन सोडते आणि ठरल्या वेळी परत आणते, मधले तास तुमचे. फ्लॉरेन्ससाठी मला हाच सगळ्यात पसंत आहे. सहा-सात जणांचं कुटुंब असेल तर ड्रायव्हरसकट व्हॅनचाही भाव काढा, माणशी हिशोब केला की तो अनेकदा जहाजाच्या सहलीच्या आसपास येतो. सहलीचं वर्णन वाचताना एखादी जागा बाहेरून दाखवणार की आत नेणार, तिकीट धरलं आहे का, जेवण आहे का, चालणं किती, हे चार प्रश्न पेन्सिलने समासात लिहून त्यांची उत्तरं शोधा. ग्रुप टूरबरोबर जात असाल तर कोणत्या सहली पैशात धरल्या आहेत हे लेखी मागा.

चिविताव्हेक्कियाला स्वतः जायचं ठरलं तर रस्ता असा आहे. जहाजाजवळून बंदराची मोफत बस लार्गो देल्ला पाचे या चौकापर्यंत सोडते. तिथून स्टेशनसाठी दुसरी, तिकिटाची बस, नाहीतर समुद्राच्या कडेने चालत साधारण वीस मिनिटं. स्टेशनवर बिर्ग नावाचं दिवसभराचं तिकीट मागा; त्यात रोमला जाणं-येणं आणि रोममधली मेट्रो-बस सगळं येतं. कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये टोचून घ्यायचं, नाहीतर दंड होतो. व्हॅटिकन बघायचं असेल तर शेवटच्या तेर्मिनी स्टेशनपर्यंत न जाता रोमा सान पिएत्रोला उतरा, बॅसिलिका तिथून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. कोलोसिअम बघायचं असेल तर ओस्तिएन्सेला उतरून शेजारच्या पिरामिदे स्टेशनवरून मेट्रो घ्या, दुसरं स्टेशन कोलोसिअम. बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांनाही. साडी किंवा सलवार-कमीज घालणाऱ्यांना काहीच प्रश्न नाही, हाफ पँटवाल्या नातवंडांना मात्र आधीच सांगून ठेवा. कोलोसिअमचं तिकीट नावावर आणि ठरावीक वेळेचं असतं, आणि अधिकृत विक्री साधारण महिनाभर आधी उघडते. तेव्हा बुकिंगची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका. नाव पासपोर्टावर आहे तसंच घाला. आपल्याकडे कुणाच्या पासपोर्टात वडिलांचं नाव असतं, कुणाच्या नसतं. एकाच कुटुंबात दोन पद्धती निघतात, म्हणून प्रत्येकाचा पासपोर्ट समोर उघडून टाइप करा.

लिव्होर्नोचं बंदर मालवाहू आहे, तिथे चालत बाहेर पडता येत नाही. शटलने गावात यावं लागतं आणि तिथून स्टेशन आणखी लांब. फ्लॉरेन्सची ट्रेन सुमारे दीड तास, पिसाची वीसेक मिनिटं. फ्लॉरेन्सला गेलात तर आकादेमियातला डेव्हिडचा पुतळा किंवा उफित्सी, दोन्हींपैकी एकच, आणि बाकीचा वेळ दुओमोच्या, म्हणजे तिथल्या घुमटवाल्या मुख्य चर्चच्या, भोवती चालण्यात. त्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. बरोबर वयस्कर माणसं असतील तर मी फ्लॉरेन्स सोडून पिसा आणि लुक्का निवडेन. लुक्काच्या जुन्या तटावर चार किलोमीटरचा रुंद, सपाट, झाडांच्या सावलीचा रस्ता आहे, हवं तितकं चालावं आणि उतरून कॉफी घ्यावी. पिसाच्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, हे मुलांना घरीच सांगा.

ला स्पेझियाहून चिंक्वे तेर्रेची पाच गावं ट्रेनने मिनिटांच्या अंतरावर आहेत. पहिलं रिओमाज्जोरे तर दहा मिनिटांच्या आत येतं. दिवसभराचं ट्रेन कार्ड घ्या आणि पाचपैकी दोनच गावं करा, मानारोला आणि व्हेरनात्सा. कॉर्निल्या टेकडीवर आहे, स्टेशनपासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर ते सरळ वगळा. उन्हाळ्यात या प्लॅटफॉर्मवर चर्चगेटसारखी गर्दी होते, तेव्हा परतीची ट्रेन लागते त्याच्या एक आधीची धरा.

नेपल्सला जहाज भर शहरात लागतं, समोरच जुना किल्ला आणि पाच मिनिटांवर म्युनिचिपिओ हे मेट्रो स्टेशन. इथे घाईने कुठली सहल घेऊ नका, कारण पर्याय खूप आहेत. काप्री बेटाची फेरीबोट शेजारच्याच धक्क्यावरून सुटते आणि पाऊण-एक तासात पोचते, पण समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि तिथली निळी गुहा तर थोड्याशा लाटांनीही बंद होते. जहाज सुटण्याच्या दिवशी बेटावर अडकण्याचा हा धोका घ्यायचा असेल तर जहाजाच्या सहलीतूनच जा. पॉम्पेईसाठी मेट्रोने गारिबाल्दी आणि तिथून चिर्कुमवेझुव्हियाना ही लोकल, पॉम्पेई स्कावी स्टेशनवर उतरलात की दरवाजा समोरच. त्या लोकलमध्ये पाकीटमारी होते. पर्स पुढे घ्या, फोन मागच्या खिशात ठेवू नका. पॉम्पेईत दिवसाला वीस हजार माणसांनाच सोडतात आणि तिकीट नावावर असतं. मोठी बॅग आत नेता येत नाही. सावली जवळजवळ नाही, रस्ते इ.स. 79 मध्ये वेसुव्हियस ज्वालामुखीने शहर गाडलं तेव्हाच्याच दगडांचे, उंचसखल. टोपी, पाणी आणि जाड तळव्याचे बूट लागतातच. ज्यांना एवढं चालवत नाही त्यांना एर्कोलानोला न्या. तेही त्याच स्फोटात गाडलं गेलं, पण आकाराने लहान आहे, आणि घरांचे वरचे मजले, जळून कोळसा झालेल्या लाकडी तुळया अजून जागेवर दिसतात.

आणि मराठी माणसाने नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी दोन तास राखून ठेवावेत, असं मी आग्रहाने सांगेन. म्युनिचिपिओहून मेट्रोचं तिसरं स्टेशन, म्युझेओ. तिथे 'गुप्त दालन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली हस्तिदंती मूर्ती आहे. जेमतेम वीतभर उंची. गळ्यात हार, हातापायात कोपरापर्यंत-पोटरीपर्यंत भरलेली कडी, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. 'पॉम्पेईची लक्ष्मी' हे नाव तिला चिकटलं, अभ्यासक आता तिला यक्षी मानतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात अशाच धाटणीच्या मूर्तीचा भाग मिळाला आहे, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची हस्तिदंती मूर्तीही हिच्याच घराण्यातली. सातवाहनांच्या काळात ही आपल्याच भागातून समुद्रमार्गे तिकडे गेली असावी, असं अनेकांचं मत आहे. वेसुव्हियसचा स्फोट झाला तेव्हा ती त्या घरात होती. ते दालन त्या दिवशी उघडं आहे का, हे तिकीट घेतानाच विचारा.

व्हेनिसचं आधी नीट तपासा. 1 ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे तुमचं जहाज व्हेनिससमोरच्या किनाऱ्यावरच्या मार्गेरा बंदराला लागेल, नाहीतर थेट राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेला, म्हणजे दोन्हीकडून साधारण दोन तासांच्या प्रवासावर. वर्षातल्या ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी व्हेनिसला येणाऱ्यांना प्रवेश शुल्क भरून क्यूआर कोड घ्यावा लागतो, आणि आयत्या वेळी भरलं तर जास्त पडतं. राव्हेन्नाला लागणार असाल आणि क्रूझ तिथेच संपत नसेल, तर व्हेनिसचा हट्ट सोडून राव्हेन्नाच बघा. गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाच्या छोट्या समाधीत शिरलात की आधी काहीच दिसत नाही; डोळे सरावले की वरची गडद निळी छत आणि त्यातल्या सोनेरी चांदण्या उजळू लागतात. पाचव्या शतकातलं मोझेक आहे ते. आत सोडायची वेळ ठरवून घ्यावी लागते.

जेनोवा, पलेर्मो आणि मेसिना या तिन्ही ठिकाणी जहाज गावालाच लागतं, तिथे सहलीवर पैसे घालवण्याची गरज नाही. मेसिनाला दुपारी बाराला कॅथेड्रलच्या घड्याळातला सिंह डरकाळी फोडतो आणि कोंबडा आरवतो, तेवढं चुकवू नका. तिथून ताओर्मिना मात्र पन्नासेक किलोमीटर आहे, त्यासाठी सहल घेणं योग्य.

जेवणाची तयारी घरूनच करावी लागते. जहाजाच्या सहलीत जेवण असेल तर शाकाहारी असल्याचं सहलींच्या काउंटरवर आदल्या दिवशी लिहून द्या. खरं पारमेजान चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, बनतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी पिझ्झा मारिनारा मागावा; त्यात चीजच नसतं, पण लसूण असतो. जेनोवा आणि लिव्होर्नोकडे भट्टीत भाजलेलं हरभऱ्याच्या पिठाचं जाड धिरडं मिळतं, त्याला जेनोवाला फारिनाता आणि लिव्होर्नोला तोर्ता म्हणतात. पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, एवढंच. हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी तीनच्या सुमाराला बंद होतात, म्हणून एकच्या आत बसा.

कागदपत्रांत व्हिसा पहिला. क्रूझ मध्येच तुर्कस्तान, माँटेनेग्रो किंवा ट्युनिशियाला जाऊन परत इटलीत येणार असेल तर शेंगेन व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचाच हवा. काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात, तेव्हा झेरॉक्स आणि फोनमधला फोटो दोन्ही जवळ असू द्या. प्रवास विम्यात जहाज चुकल्याचा खर्च आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या.

इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. प्रवासाच्या आठवड्यात 'शोपेरो' (sciopero, म्हणजे संप) हा शब्द टाकून बातम्या बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या चालतात. पण तुमची परत यायची वेळ नेमकी दुपारची असते, तेव्हा संपाच्या दिवशी जहाजाचीच बस घ्या. सहल रद्द करायची मुदतही आधी बघून ठेवा, बहुतेक ठिकाणी ती एक-दोन दिवस आधी संपते.

आदल्या रात्री केबिनमध्ये येणारं दैनंदिन पत्रक वाचा. बंदर बदललं तर त्यातच कळतं. त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर आणि परतायची शेवटची वेळ असते, त्याचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. ग्रीस किंवा तुर्कस्तानकडून येत असाल तर घड्याळ एक तासाने (हिवाळ्यात तुर्कस्तानकडून दोन तासांनी) बदलतं, आणि फोनवरची वेळ जहाजाच्या वेळेशी जुळेलच असं नाही. म्हणून निदान एकाच्या मनगटावर साधं घड्याळ ठेवा, जहाजाच्या वेळेला लावलेलं.