परदेशातून कॅमकॉर्डर आणताय? आधी ५० की ६० ते बघा

अमेरिकेतून आतेभाऊ आला तो हाय डेफिनिशन कॅमकॉर्डर घेऊनच. श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसल्या, रात्रभर जागरण झालं, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. सगळं त्याच कॅमेऱ्यात टिपलं. टीव्हीवर लावलं तर विसर्जनाची मिरवणूक झकास, पण रात्रीच्या फुगड्या ट्यूबलाइटच्या उजेडात सारख्या लुकलुकतायत, भिंतीवरून काळपट पट्टे सरकतायत. आई अहिराणीत म्हणाली, "आरे, हाई काय व्हयनं?" म्हणजे, हे काय झालं?

कॅमेरा बिघडलेला नव्हता. तो ६० चा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं टिपणारा होता आणि आपली वीज ५० हर्ट्झची.

म्हणून कॅमेरा घेताना झूम आणि मेगापिक्सेलच्या आधी हा आकडा बघा. भारत आणि युरोपात टीव्हीच्या जुन्या पाल पद्धतीमुळे सेकंदाला २५ फ्रेम (पूर्ण चित्रं) किंवा ५० फील्डचा (अर्ध्या चित्रांचा) हिशेब आहे. अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत साधारण ३० आणि ६०. हाय डेफिनिशन आलं तेव्हा १९२० बाय १०८० हा चित्राचा आकार जगभर एक झाला, वेग मात्र वेगळेच राहिले. खोक्यावर किंवा मेनूत ५०आय, ५०पी, २५पी (आय म्हणजे अर्धी चित्रं, पी म्हणजे पूर्ण) दिसलं तर कॅमेरा आपल्याकडचा. ६०आय, ६०पी, ३०पी एवढंच असेल तर तिकडचा. काही कॅमेऱ्यांत दोन्ही निवडता येतात. असा मिळाला तर डोळे झाकून तोच घ्या.

मग स्वतःला विचारा, हे चित्रण कोण बघणार? जळगाव-धुळ्याच्या लग्नात तुमचा कॅमेरा शूटिंगवाल्याच्या जोडीला चालणार असेल तर दोघांचा वेग एकच हवा. हळद ६० वर आणि लग्न ५० वर घेतलं की एडिटिंगमध्ये एकाचं रूपांतर करावं लागतं आणि नवरदेवाची घोडी अडखळत चालल्यासारखी दिसते. हा दोष नंतर पूर्ण पुसता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

६० चा कॅमेरा हातात आलाच असेल तर शटर ऑटोवर ठेवू नका, १/१०० सेकंद करा. आपल्याकडचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, त्यामुळे प्रत्येक चित्रात त्याचा बरोब्बर एक ठोका येतो आणि लुकलुक थांबते. उजेड थोडा कमी पडेल, तेवढं सोसा. चार्जरची काळजी नको. त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असलं की फक्त पिनचा अडॅप्टर लागतो.

आता दोन कॅमेरे शेजारी ठेवून तुलना करा. स्वतःचं कार्ड घेऊन दुकानात जा. दोन्हींवर एकेक मिनिट ट्यूबलाइटखालचं, मग काउंटरमागच्या अंधाऱ्या कोपऱ्याचं चित्रण घ्या आणि घरी मोठ्या टीव्हीवर बघा. कोपऱ्यात ज्याच्या चित्रात कमी मुंग्या दिसतात त्याचा सेन्सर चांगला. मांडवातलं, जागरणातलं चित्रण करणाऱ्याने पैसे इथेच घालावेत. झूम ऑप्टिकल किती तेवढंच धरा, डिजिटल झूमचा आकडा सोडून द्या. बाहेरचा माइक लावायची सोय हवीच. नाहीतर बँडच्या गलक्यात मंगलाष्टकं हरवतात.

टेपवाला एचडीव्ही कॅमेरा जुन्या बाजारात स्वस्त मिळतो, पण एक तासाचं चित्रण संगणकावर घ्यायला पूर्ण एक तास जातो. कार्डवरचा एव्हीसीएचडी सोयीचा. हा प्रकार सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणला. सेकंदाला २४ मेगाबिटच्या दर्जाला तासाला सुमारे ११ जीबी लागतात, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड तीन तासांच्या आतच भरतं. लग्नाला दोन कार्डं न्या.

कार्डवरून उतरवताना सुट्या फायली उचलू नका, पूर्ण फोल्डर कॉपी करा. लांबलचक चित्रणाचे कॅमेरा आपोआप तुकडे करतो आणि सुट्या घेतल्या तर सांध्यावर गाणं तुटतं.

आपल्याकडचे बहुतेक एचडी टीव्ही ५० आणि ६० दोन्ही दाखवतात. अमेरिकेतले बरेच टीव्ही ५० नाकारतात. म्हणून तिकडच्या नातेवाइकांना डिस्क पाठवू नका. मूळ ५० चं चित्रण आपल्याकडे जपून ठेवा आणि त्यांना एमपी४ फाइल पेनड्राइव्हवर द्या. ती संगणकावर लागते. आतेभावाला मी आता तसंच पाठवतो.