वाहाकाची लाकडी कात्रिना घरी आणलीत? मग या चुका टाळा

मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातून आणलेल्या कात्रिनाखाली, म्हणजे नटलेल्या बाईच्या रंगीत लाकडी सांगाड्याखाली, पिठीसारखा भुसा दिसला, तर नुसता पुसून मोकळे होऊ नका. सान मार्तीन तिल्काहेते, आर्रासोला या गावांतले कारागीर कोपाल नावाच्या झाडाचं लाकूड ओलं असतानाच कोरतात आणि नंतर वाळवतात. ते मऊ असल्याने कारागिरांना आवडतं, तसं किड्यांनाही. भुसा झाडा आणि बाहुली दोन दिवस काळ्या कागदावर उभी करा. पुन्हा भुसा पडला, तर आत कीड जिवंत आहे. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. वरून रॉकेल किंवा कीटकनाशक मारलंत, तर किड्यांआधी रंग जाईल.

ओलं फडकंही नको. जुन्या वस्तूंवर अ‍ॅनिलिनचे रंग असतात, ते पाण्याने पसरतात. न पसरणारं अ‍ॅक्रिलिक नंतर आलं. खात्री नसेल तर बुडाशी ओला कापूस टेकवून बघा. कापूस गुलाबी झाला, की यापुढे फक्त कोरडा मऊ ब्रश.

याच गावांतले लाकडी प्राणीही आणले असतील, तर त्यांची शेपटी, कान, शिंगं हलतात म्हणून फेविक्विक लावू नका. बऱ्याचदा ती वेगळी कोरून खाचेत बसवलेली असतात, प्रवासात काढून ठेवता यावीत म्हणून.

आणि हो, कात्रिना म्हणजे भूत नव्हे. मेक्सिकन चित्रकार पोसादाने १९१० च्या सुमारास मिरवणाऱ्यांची खिल्ली उडवायला हॅटवाली कवटी कोरली, तिथल्याच चित्रकार दिएगो रिव्हेराने १९४७ च्या भित्तिचित्रात तिला अंगभर कपडे दिले. आज ती ‘मृतांचा दिवस’ या सणाची ओळख आहे. त्या सणात, १ आणि २ नोव्हेंबरला, मृतांसाठी मांडलेल्या वेदीवर झेंडू असतो आणि तो मूळचा तिकडचाच. दुकानात तिच्या शेजारी विकायला ठेवलेले पंखवाले विचित्र प्राणी मात्र या सणाचे नव्हेत; ते आलेब्रिखे, मेक्सिको सिटीतला कारागीर पेद्रो लिनारेस याच्या कागदी लगद्याच्या कामातून आलेले.

आमच्या आईने आठवडाभर आमच्या घरची कात्रिना चपलांच्या कपाटावर ठेवली होती. झेंडूची गोष्ट ऐकल्यावर तिनेच ती उचलून खिडकीत मांडली. वर्षभरात डाव्या गालावरचा गुलाबी रंग उन्हाने पार फिका पडला. आता ती आतल्या खोलीत, टीव्हीच्या बाजूला आहे.