बॉक्स्टरची निकामी इग्निशन कॉइल घरी कशी बदलावी

बडोद्यात पावसाचे पहिले दोन-तीन दिवस गेले की माझ्या मावसभावाची २००८ सालची पोर्श बॉक्स्टर सकाळी सुरू करताना थरथरू लागे, आणि दुपारी ऊन पडून सगळे कोरडे झाले की तीच गाडी सुरळीत चाले. एका गॅरेजने त्याला आधी इंजेक्टर साफ करून घ्यायला सांगितले आणि नंतर पेट्रोल पंप बदलायला सांगितले. दोन्ही खर्च झाले, पण मिसिंग, म्हणजे सिलिंडर मधूनच न पेटणे, तसेच राहिले. दमट हवेत बिघडणारी आणि कोरड्या हवेत सुधारणारी गाडी बहुतेक वेळा इंधनाकडे नव्हे, तर उच्च दाबाच्या विजेकडे बोट दाखवत असते, आणि या गाडीच्या बाबतीत तसे होण्याचे कारण तिच्या इंजिनाच्या रचनेतच आहे.

नेहमीच्या चार सिलिंडरच्या गाडीत कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारे भाग, इंजिनाच्या माथ्यावर, झाकणाखाली सुरक्षित बसलेल्या असतात. बॉक्स्टरच्या इंजिनाचे सहा सिलिंडर मात्र तीन-तीनच्या दोन रांगांत आडवे झोपलेले असल्यामुळे त्यांचे प्लग बाजूला येतात. प्रत्येक बाजूच्या तीन कॉइल मागच्या चाकांच्या आतल्या अंगाला, खाली, एक्झॉस्टच्या अगदी जवळ असतात. एक्झॉस्टची उष्णता वर्षानुवर्षे सोसून कॉइलच्या प्लास्टिक आवरणाला केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि पावसात चाकांनी उडवलेले पाणी त्या भेगांत शिरते. बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करणे हे कॉइलचे काम. ही वीज प्लगच्या टोकावर ठिणगी पाडण्याऐवजी ओलसर भेगेतून जवळच्या धातूत उतरली की तो सिलिंडर पेटत नाही.

कॉइल विकत घेण्यापूर्वी दोष खरोखर तिचाच आहे हे सिद्ध करावे. यावर माझा फार भर आहे, कारण वर सांगितलेला खर्च केवळ ही पायरी गाळल्यामुळे झाला. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) लावून कोड वाचावा. पी ०३०१ ते पी ०३०६ या कोडमधला शेवटचा आकडा कोणता सिलिंडर पेटत नाही ते सांगतो, तर पी ०३०० म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरपुरते नाही. समजा पी ०३०४ आला, तर चौथ्या सिलिंडरची कॉइल पाचव्यावर आणि पाचव्याची चौथ्यावर लावावी, कोड पुसावा आणि गाडी पुन्हा चालवावी. आता पी ०३०५ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल गेली. पी ०३०४ कायम राहिला, तर प्लग, वायरिंग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांकडे वळावे. सिलिंडरांचे क्रमांक डाव्या-उजव्या बाजूच्या अंदाजाने न ठरवता दुरुस्तीच्या पुस्तकातल्या आकृतीवरून ठरवावेत.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला न राहता लुकलुकू लागला, तर गाडी पुढे चालवू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटते आणि तो अतितप्त होऊन कायमचा खराब होतो. त्याच्या किमतीपुढे कॉइलचा खर्च काहीच नाही.

काम पूर्ण थंड इंजिनावरच करावे, म्हणजे शक्यतो रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. मागची बाजू उचलायची असल्यामुळे एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी: हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो, म्हणून ती चाके जमिनीवरून सुटली की तो गाडी धरू शकत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पक्के ठोकळे लावावेत. चाकांचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत. मग उत्पादकाने ठरवून दिलेल्या जागीच जॅक लावावा आणि गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात खचतात, तेव्हा स्टँडखाली जाड प्लायवुड घालावे.

बॅटरी पुढच्या डिकीत असते. तिची ऋण तार काढल्यावर ती डिकी बंद करू नये, कारण तिचे कुलूप विजेवर उघडते.

चाक काढल्यावर कॉइल दिसतात. आधी कॉइलभोवतालची माती ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ करावी. कनेक्टरची कडी उष्णतेने ठिसूळ झालेली असते, म्हणून ती हलकेच दाबून कनेक्टर सरळ ओढावा. तारेला धरून ओढू नये. कॉइलचे दोन्ही स्क्रू काढावेत आणि कॉइल आधी डावी-उजवीकडे थोडी फिरवून मग बाहेर घ्यावी. न फिरवता ओढली, तर तिची रबरी नळी फाटून अर्धी आतच राहते. बाहेर आलेली कॉइल उन्हात धरून पाहावी: भेग, पांढरट रेघ किंवा ठिणगीने जळाल्याची काळी खूण बहुधा डोळ्यांना दिसतेच. कॉइल तेलाने माखलेली निघाली, तर प्लगच्या नळीचे रबरी ओ-रिंग गळत आहेत असे समजावे आणि तेही याच वेळी बदलावेत, नाहीतर नवी कॉइलही त्या तेलाने लवकर खराब होईल.

प्लग जुने असतील, तर तेही आताच बदलावेत, कारण झिजलेल्या प्लगमधले अंतर वाढते आणि ठिणगी पाडायला कॉइलला जास्त ताण घ्यावा लागतो. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. प्लगचे आटे वाकडे बसले तर दुरुस्ती फार महागात पडते. म्हणून प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून पहिले फेरे बोटांनी फिरवावेत, आणि शेवटी टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) ३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावे. कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर द्यावा, कॉइल पूर्ण आत बसल्याची खात्री करावी, स्क्रू १० न्यूटन-मीटरला आवळावेत आणि कनेक्टर 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबावा. उष्णतेपासून बचावाचा पत्रा काढला असेल, तर तो आठवणीने परत लावावा.

एकच बदलावी की सहाही? एक कॉइल भेगाळली, तर बाकीच्या पाचही तेवढीच वर्षे तेवढ्याच उष्णतेत तापलेल्या असतात. त्यामुळे मूळच्याच कॉइल असलेल्या गाडीत मी सहाही बदलण्याच्या बाजूचा आहे. खर्च झेपत नसेल, तर निदान त्या बाजूच्या तिन्ही काढून नीट पाहाव्यात. चेसिस क्रमांक देऊन योग्य भाग मागवावा. स्वस्त नक्कल घेऊ नये.

चाकांचे बोल्ट गाडी खाली उतरवल्यावर १३० न्यूटन-मीटरला आवळावेत. बॅटरी जोडल्यावर दोन्ही काचा एकदा पूर्ण खाली-वर कराव्यात, म्हणजे त्यांची हद्द पुन्हा नोंदली जाते. कोड पुसून इंजिन दहा मिनिटे जागेवर चालू ठेवावे. त्यानंतर अहमदाबाद-बडोदा द्रुतगती मार्गावर थोडे अंतर जाऊन, वेगमर्यादेत राहून, वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर दाबून पाहावा. दुबळी कॉइल याच ताणाखाली उघडी पडते. घरी आल्यावर स्कॅनर पुन्हा लावावा, आणि पुढच्या पावसाळी सकाळी, गाडी रात्रभर ओलीत उभी राहिल्यावर, आणखी एकदा कोड वाचावा. भावाच्या गाडीत त्या सकाळी एकही कोड निघाला नाही.