आउटबोर्ड इंजिनाची पाण्याची धार मंदावते तेव्हा

मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर आउटबोर्ड इंजिनांची, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवलेल्या इंजिनांची, दुरुस्ती शिकणाऱ्याने सर्वप्रथम इंजिनाच्या मागून पडणारी बारीक धार नीट वाचायला शिकावे, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. इंजिन थंड ठेवण्यासाठी बोट ज्या पाण्यात उभी असते तेच पाणी खालच्या जाळीतून आत ओढले जाते, गिअरच्या पेटीवर बसवलेला रबरी पात्यांचा इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपाचे फिरते चाक, ते नळीवाटे वर ढकलतो आणि सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरून ते एक्झॉस्टबरोबर बाहेर पडते. धार हा या प्रवाहाचा केवळ एक लहान फाटा असल्याने ती बंद पडली म्हणजे पाणी चढतच नाही, असे लगेच मानू नये. उलट काही मॉडेलांत हा फाटा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी पुढे सोडणाऱ्या झडपेच्या, अलीकडून निघतो. तेथे थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तरी धार जोरात पडत राहते आणि इंजिन मात्र तापत जाते.

धार थांबताच इंजिन बंद करावे, वर उचलून जाळीवर प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकले आहे का ते पाहावे आणि मग धारेचे तोंड तंगुसाच्या (मासेमारीच्या नायलॉन दोरीच्या) जाड तुकड्याने साफ करावे. तारेने आतली रबरी नळी फाटते, म्हणून तार वापरू नये. खाडीच्या मुखाशी वाळू आणि मिठाचा खडा धारेच्या याच तोंडात साचतो, आणि पुष्कळदा काम येथेच संपते.

ते संपले नाही तर गिअरची पेटी उघडण्याआधी मालकाला शांतपणे विचारावे की इंजिन कधी तापते. संथ चालताना तापून वेग घेतल्यावर निवळत असेल, तर झिजलेला इम्पेलर किंवा अडकलेला थर्मोस्टॅट यांचा संशय घ्यावा. केवळ वेगात तापत असेल, तर अर्धवट बुजलेली जाळी, कमी पडणारा पंप किंवा बोटीच्या मागच्या फळीवर प्रमाणाबाहेर उंच बसवलेले आणि त्यामुळे पाण्याबरोबर हवा ओढणारे इंजिन, या शक्यता तपासाव्यात. या एका प्रश्नाने अर्ध्या दिवसाची खोलाखोल वाचते.

1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीनंतर येणाऱ्या इंजिनांत इम्पेलरवर विशेष लक्ष द्यावे, कारण एकाच जागी दबून राहिलेली पाती वाकलेलीच राहतात. पेटी उतरवताना खरी परीक्षा बोल्टांची असते. ॲल्युमिनियममध्ये बसलेला स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्याने जाम होतो आणि जोर केल्यास तुटतो. म्हणून गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे, बेताची उष्णता द्यावी आणि पुन्हा बसवताना मरीन ग्रीस न चुकता लावावे. पाती शाबूत दिसली तरी रबर मधल्या धातूच्या बुशवरून (नळकांड्यावरून) सुटलेले नाही ना, हे हाताने पिळून पाहावे, कारण तसे झाल्यास इम्पेलर फिरवणारा दांडा फिरतो आणि पाती जागेवरच राहतात. पंपाच्या घराला, म्हणजे इम्पेलरभोवतीच्या कवचाला, व खालच्या पत्र्याला वाळूने चरे पडले असतील, तर नुसता नवा इम्पेलर घालून दाब मिळत नाही. एखादे पाते तुटलेले आढळले, तर त्याचा तुकडा वरच्या नळीत किंवा पोकळीत सापडेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नये. नवा इम्पेलर बसवताना दांडा त्याच्या चालण्याच्या दिशेने, म्हणजे बहुतेक इंजिनांत वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवत घर खाली दाबावे आणि पाण्याची नळी तिच्या रबरी कड्यात नेमकी शिरल्याची खात्री करून घ्यावी.

थर्मोस्टॅट काढून टाकून इंजिन तसेच चालवावे, हा सल्ला नवख्याने स्वीकारू नये. तसे इंजिन थंडच राहते आणि इंधन नीट जळत नाही. थर्मोस्टॅट पाण्यात टाकून पाणी हळूहळू तापवावे आणि त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडतो का ते पाहावे. न उघडल्यास बदलावा.

चाचणी गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात, पाण्याची पातळी पंपाच्या वर ठेवून आणि इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवूनच घ्यावी. कोरडे इंजिन काही क्षण जरी फिरवले, तरी नव्या इम्पेलरचे रबर घर्षणाने जळू लागते. पिंपातली धार समाधानकारक वाटली तरी बोट पाण्यात नेऊन, मालकाच्या नेहमीच्या वजनासह आणि वेगाने चालवून पाहिल्याशिवाय इंजिन ताब्यात देऊ नये.